काल राहिलेली अकरा कामं

पुण्यात माझ्याबरोबर नोकरीला असलेल्या एका मित्राला गेल्या महिन्यात जीबीएस झाला. त्याच्या बायकोचा मला तंजावूरला फोन आला. "तुम्हाला झाला होता ना? पुढे काय काय होतं?" मी तिला दहा मिनिटं डॉक्टरांनी मला सांगितलेलंच सांगत बसलो. नसांवरचं आवरण, शरीराने स्वतःवरच केलेला हल्ला, कुणाला सहा महिने लागतात, कुणाला वर्ष. तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "हे गूगलवर आहे हो. तुम्ही पडून पडून काय करत होता?"

याचं उत्तर फोनवर देता येईना म्हणून लिहायला बसलो. मराठीत लिहितोय याला आणखी एक कारण आहे. आमचं घर पिढ्यान्‌पिढ्या तंजावूरचं. घरात आम्ही आमची मराठी बोलतो, पण देवनागरी वाचणारा घरात मी एकटाच. पुण्यातल्या नऊ वर्षांत ती डोळ्यांना सवयीची झाली. माझी बायको पद्मा आणि मुलगी वैदेही तमिळ आणि इंग्रजी वाचतात. तेव्हा इथे मला खरं लिहायला हरकत नाही.

माझं पंचांग

आधी माझं खूळ सांगतो, नाही तर पुढचं काही कळायचं नाही.

मी कालव्यांच्या डागडुजीची वेळापत्रकं करतो. धरणातून पाणी सुटायच्या आत गाळ काढायचा, लोखंडी दारांना ग्रीस लावायचं, खचलेले काठ बांधायचे. पाणी सुटलं की सुटलं, त्याला कुणाची अडचण सांगता येत नाही. पंचवीस वर्षं हे केल्यावर माणसाच्या डोक्यात एकच गोष्ट पक्की बसते. आज राहिलेलं काम उद्याच्या पहिल्या रिकाम्या जागेत गेलं पाहिजे.

मग फोनवर तसं करणारं ॲप मिळालं. दिवस संपला की न झालेली कामं ते आपणहून पुढे ढकलायचं. मी इतका खूश झालो की घरातल्या तिघांची कॅलेंडरं एकमेकांना जोडून टाकली. माझ्या कामांना लाल रंग दिला, त्या दोघींच्या कामांना हिरवा. लाल काम जागा शोधत आलं की हिरव्याने सरकून जागा द्यायची. असं का, हे त्यांनी विचारलं नाही आणि मलाही सुचलं नाही. शिवाय एका रविवारी कॉफी पिता पिता मी एक नियम घातला. लाल काम करायला मला तीन दिवस फुरसत नसेल, तर ते घरात ज्याला फुरसत असेल त्याच्याकडे जावं. नियम घातला आणि विसरून गेलो.

पद्मा शाळेत गणित शिकवते. तिला हे सगळं हास्यास्पद वाटायचं. "तुमचं पंचांग काय सांगटलं?" ती विचारायची. "आज डोकं न्हाऊ की नक्को?"

एक चप्पल

कुंभकोणमला एका लग्नात जेवलो आणि चार दिवस पोट बिघडलं. ते बरं झालं म्हणेपर्यंत तळपायांना मुंग्या यायला लागल्या. मी लक्ष दिलं नाही. पाणी सुटायला तीन आठवडे होते. एका संध्याकाळी कालव्याच्या दारांवरून उतरून गाडीपर्यंत चालत आलो, तेव्हा मुकादम मागून ओरडला. माझ्या डाव्या पायातली चप्पल पन्नास पावलं मागे पडली होती आणि मला पत्ताच नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी कॉफीचा टंबलर उचलेना. पद्माने तो माझ्या हातातून घेतला, माझ्याकडे पाहिलं आणि वैदेहीला हाक मारली. घरात गाडी चालवता येते ती मला आणि वैदेहीला. ती बावीस वर्षांची, नुकतीच बी.एस्सी. संपवून घरी बसलेली. मागच्या सीटवर आडवा होऊन मी फोनला तोंडी सांगितलं, "डॉक्टर, अर्धा तास." इतका मूर्ख होतो.

डॉक्टर तरुण होत्या. त्यांनी गुडघ्यावर हातोडी मारली, पाय हलला नाही. दुसऱ्या गुडघ्यावर मारली. मग माझा तळपाय हातात धरून म्हणाल्या, "ढकला." मी ढकलत होतो. अगदी जीव तोडून ढकलत होतो. त्या वाट बघत होत्या आणि पुन्हा म्हणाल्या, "ढकला, सार."

पाठीतलं पाणी काढून तपासलं, नसांची परीक्षा झाली आणि दुपारी त्यांनी नाव सांगितलं. "हे खालून वर चढतं. कुठपर्यंत चढेल ते आज सांगता येत नाही."

"किती दिवस?" मी विचारलं.

"सांगता येत नाही."

"अंदाजे. मला तारीख टाकायला लागते."

त्या तमिळमध्ये, पण अगदी आईसारख्या म्हणाल्या, "तारीख टाकू नका."

एका श्वासात किती

जीबीएसमध्ये डोकं शाबूत राहतं. लोक हे दिलासा म्हणून सांगतात. मी सांगतो, तोच सगळ्यात वाईट भाग आहे. चौथ्या दिवशी माझे पाय, हात आणि अर्धा चेहरा गेला होता आणि आत मी जसाच्या तसा, चिडका, हिशेबी, घाईतला. नाकाच्या शेंड्यावर खाज आली की ती खाज हेच माझं जग व्हायचं. जीभ जड झालेली, बोललेलं कुणाला कळायचं नाही. अमला नावाच्या सिस्टर होत्या. त्या बेडजवळून जाता जाता, न विचारता, माझ्या नाकावर बोट घासून जायच्या. बाकी कितीतरी मोठे उपकार मी विसरलो असेन, पण ते बोट विसरलो नाही.

फुप्फुसांपर्यंत किती पोहोचलंय हे बघायला एका श्वासात आकडे म्हणायला लावायचे. पहिल्या दिवशी मी एक ते तीस म्हटले, तेही आमच्या मराठीत, आणि अमला सिस्टर हसल्या. मग बावीस झाले. मग सतरा. बेडच्या उशाशी झाकण घातलेलं श्वासाचं मशीन आणून उभं केलं. मी विचारलं नाही, कुणी सांगितलं नाही. एका सकाळी मी अकरावर थांबलो. बाराचा 'बा' तोंडात होता आणि मागे हवाच नव्हती.

मी घाबरलो होतो. इतका, की देवाचं नावही सुचेना. डोळ्यांतून पाणी कानात गेलं आणि ते पुसायलाही हात नव्हता.

अकराच्या खाली आकडा गेला नाही. दोन दिवस तिथेच थांबून तेरा झाला. का, ते डॉक्टरही सांगत नाहीत.

सकाळी सहाला

वैदेहीने माझा फोन एका स्टँडवर लावून बेडच्या दांड्याला अडकवून दिला होता, अप्पाला करमावं म्हणून. तो कायम माझ्या यादीवर उघडा असायचा. मला तो दिसायचा, पण त्याला हात लावता यायचा नाही.

रोज सकाळी सहाला टिंग वाजायचं. पडद्यावर यायचं, "काल राहिलेली अकरा कामं पुढे हलवली." खाली यादी. चौथ्या दाराचं ग्रीस. गाळाचे फोटो. अण्णांची तिथ. गॅसचं बुकिंग. वैदेहीच्या स्कूटरचा विमा. रोज संध्याकाळी चालणे, अर्धा तास.

ते चालणे वाचताना मी काय काय शिव्या दिल्या असतील, मनातल्या मनात! पण फोन बंद करा असं मी कुणाला खुणेनेही सांगितलं नाही. जग अजून माझी वाट बघतंय याचा तेवढाच एक पुरावा होता.

मग अकराची चौदा झाली आणि एक दिवस नऊ झाली. मी चमकलो. चौथ्या दारापुढे टिक आली होती. दुसऱ्या दिवशी विम्यापुढे. मला बरं वाटलं. ऑफिसातलं कुणी करत असेल, घरचं पद्मा बघत असेल, असं धरून चाललो. पद्माने माझ्या कॅलेंडरात सगळे दिवस "आस्पत्री" म्हणून भरून टाकले होते, हे मला माहीत होतं. त्या रविवारी घातलेला नियम मात्र आठवला नाही.

दर्भ

अण्णा म्हणजे माझे वडील. त्यांचं श्राद्ध ज्येष्ठ वद्य षष्ठीला. आमचे शेजारी सगळे सौर महिने मोजतात, आम्ही अजून चंद्रावर चालतो. ॲपला तिथी कळत नाही, म्हणून दरवर्षी मी पंचांग बघून तारीख हाताने टाकतो. ती तारीख आली आणि गेली, मी छताकडे बघत पडलेलो. सकाळी सहाला टिंग. अण्णांची तिथ पुढे हलवली, जणू गॅसचं बुकिंगच.

नऊ दिवसांनी, अमावास्येच्या सकाळी, भेटीच्या वेळी वैदेही आली. नेहमीच्या जीन्समध्ये नव्हती, तिच्या आईची साडी नेसून आली होती. हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेले दर्भ.

"अप्पा, वाध्यारांना फोन केलों," ती म्हणाली. वाध्यार म्हणजे तिरुवैयारुचे आमचे पुरोहित. "चुकलेली तिथ अमावास्येला करायाची म्हणटले. तुझ्या हातचा दर्भ आणायला सांगटले. मग ते तुझ्यावतीने करतील. अस्कं ठरवलोंय."

अस्कं म्हणजे आमच्याकडे सगळं. तिने माझी बोटं एकेक करून उघडली, दर्भ आत ठेवले, बोटं मिटवली. मला त्यांचा स्पर्श कळत नव्हता. फक्त दिसत होते. मग तिने ते पुन्हा काढून घेतले, वर्तमानपत्रात गुंडाळले आणि कावेरीच्या घाटावर गेली.

माझी पोरगी किती जाणती झाली, या विचाराने तो दिवस मी सुखात काढला. त्या दिवशी सकाळी दहा वाजता तिला दुसरीकडे कुठे असायचं होतं, हे मला कळायला अजून पाच आठवडे होते.

घरी

घरी आणलं तेव्हा मी आनंदाने रडलो आणि चार दिवसांत सगळ्यांच्या नाकी नऊ आणले. दवाखान्यात छत बघत होतो, इथे पंखा. बोलता येत होतं, एवढाच फरक, आणि ते बोलणं म्हणजे हुकूम. उशी डावीकडे. रसम गार झालंय. ओखदाची गोळी दोन मिनिटं उशिरा दिलीस.

एका दुपारी पद्माचा बांध फुटला. "मी शाळेत चाळीस लेकरांना उगे बसवून येतें. घरी येऊन तुम्हाला कुशीवर करतें, पुसतें, भरवतें. आणि तुम्ही मला चमचा कुठल्या बाजूने आणायचा ते सांगता?" चमचा तिने वाटीत आपटला नाही, अलगद ठेवला. मग न्हाणीघरात गेली आणि नळ सोडला. बादली भरून वाहायला लागली तरी नळ चालूच होता. मला उठून जाता आलं असतं तरी मी काय बोललो असतो, कोण जाणे.

वैदेही मात्र कधी चिडली नाही. सकाळी मला कांजी भरवायची, नऊला गाडीत घालून फिजिओकडे न्यायची, आणायची. दुपारी फोनवर कुणाशी तरी बोलत बसायची. कुणाशी, ते मी विचारलं नाही. माझ्यात लक्ष घालायला मीच पुरा पडत नव्हतो.

अंगठा

फिजिओथेरपिस्ट सेल्वी ही चाळिशीतली, दणकट, बडबडी बाई. ती माझ्या हातात कपड्याचा चिमटा द्यायची आणि म्हणायची, "सार, याला राग दाखवा." सातव्या आठवड्यात, एका शुक्रवारी, चिमटा उघडला. केसभर, पण उघडला. उजवा अंगठा परत आला होता. सेल्वीने टाळ्या वाजवल्या आणि मला चॉकलेट भरवलं.

घरी आल्यावर मी पहिली मागणी केली ती फोनची. वैदेहीने तो उशीला टेकवून दिला आणि आत गेली. अंगठ्याने सरकवत, चुकत, पुन्हा सरकवत मी तिघांचं कॅलेंडर शेजारी शेजारी उघडलं.

माझ्या रकान्यात सगळीकडे करडं, आस्पत्री, आराम. पद्माच्या रकान्यात शाळा. आणि वैदेहीचा रकाना वरपासून खालपर्यंत लाल.

चौथ्या दाराचं ग्रीस तिने करून घेतलं होतं. मुकादमाला फोन करून, स्कूटरवर उन्हात जाऊन, दार उघडून-मिटून बघून. गाळाचे फोटो तिने काढले होते. विमा, गॅस, अण्णांची तिथ. माझी सगळी लाल कामं तिच्या रिकाम्या दिवसांवर येऊन पडली होती आणि तिने ती एकेक उचलली होती. त्या सगळ्या लालमध्ये एक बारीकशी हिरवी पट्टी होती. पाँडी, मुलाखत.

पाँडिचेरीच्या एका कॉलेजात समुद्रातल्या जिवांवर एम.एस्सी. करता येतं. वैदेही शाळेत होती तेव्हापासून तिला ते करायचं होतं. अर्ज भरला होता, एवढं मला माहीत होतं. मी पट्टीवर अंगठा दाबला, तेव्हा ते काम किती वेळा हललं त्याची यादी उघडली. एकोणीस वेळा. पहिली तारीख अमावास्येची, सकाळी दहाची. नंतर मंगळवार, बुधवार, पुढचा सोमवार. दर वेळी माझं काहीतरी लाल येऊन त्याला बाजूला सारत होतं. आता ते येत्या सोमवारी दहावर थांबलं होतं, आणि त्याच्या अंगावरच माझं काम होतं. अप्पा, फिजिओ, गाडी, नऊ ते बारा. आज ना उद्या ते मंगळवारवर जाणार होतं.

मी तिला हाक मारली.

"पहिल्या वेळी त्यांना पत्र लिहिलों," ती म्हणाली, पायाशी बसून माझ्या टाचा चोळत. "घरी असं असं आहे म्हणून. त्यांनी दुसरी तारीख दिली. सोमवारची. ती शेवटची."

"मग?"

"मग काय? येत नाही म्हणून मेल लिहून ठेवलोंय. रविवारी पाठवीन." आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "पुढच्या वर्षी बघू की, अप्पा. कॉलेज कुठे पळून जातंय?"

इथे मी खरं लिहिणार म्हणालो होतो. ते ऐकून मला पहिल्यांदा काय वाटलं? सुटलो असं वाटलं. ती जाणार नाही. सोमवारी नऊला ती मला काखेत हात घालून उचलेल, मंगळवारी उचलेल, वर्षभर उचलेल. मी "बरं" म्हणालो. शुक्रवार गेला. शनिवारची सकाळ गेली. मी गप्प होतो, आणि माझ्या त्या गप्प राहण्याला आजाराचं निमित्त पुरत होतं.

झालं

शनिवारी दुपारी वैदेही मला दहीभात भरवत होती. मधेच मुकादमाचा फोन आला. ती डाव्या खांद्याने फोन कानाशी धरून तमिळमध्ये बोलत राहिली, उजव्या हाताने घास देत राहिली. "आजचं आज संपवा, मुकादम," ती त्याला सांगत होती. "उद्याची जागा उद्याच्या कामाला लागते." हे वाक्य माझं आहे. पंचवीस वर्षं मी ते त्याच मुकादमाला ऐकवत आलो. आवाजही तसाच चढवला तिने.

फोन ठेवला, शेवटचा घास दिला, माझं तोंड पुसलं. मग माझ्या उशीजवळच्या फोनवर बोट टेकवून टिक केली. यादीत "अप्पा, जेवण" असं काम होतं. "झालं," ती म्हणाली आणि पुढचं काम बघायला लागली.

मी तिच्याकडे बघत राहिलो. माझ्या हातापायांत जे अडकलं होतं ते निदान आजाराने अडकवलेलं होतं. हिला मी अडकवलं होतं, धडधाकट असताना, रविवारी, कॉफी पिता पिता.

"वैदू," मी म्हणालो, "उद्या दुपारच्या बसने जा. चिदंबरमवरून."

"नक्को, अप्पा. सोमवारी अम्माला शाळेत परीक्षा आहे. तुला कोण नेणार?"

"कुणी नाही. फिजिओ होणार नाही."

तिला ते वाक्य समजलंच नाही. "मग ते कधी ठेवायाचं?"

"कधीच नाही. सोमवारचं ते राहिलं."

"सकाळी तू एकटा कसा असशील?"

"अकराला शेजारची कामाक्षी मामी डोकावून जाईल. तोवर पडून राहीन. इतके दिवस दुसरं काय केलं?"

ती रडायला लागली. मीही. पद्मा दारात कधी येऊन उभी राहिली होती कळलं नाही. ती फक्त एवढंच म्हणाली, "तुझी निळी बॅग माळ्यावर आहे."

त्या संध्याकाळी मी ॲपमधलं पुढे हलवणं बंद केलं. कुणालाही करायला दिलं नाही. सेटिंगपर्यंत पोचायला अंगठा चार वेळा घसरला, एकदा तर हवामानच उघडलं. शेवटी चौकट आली. "यापुढे न झालेली कामं त्याच दिवशी राहतील. चालेल?" मी अंगठा दाबून धरला.

सोमवार

आज मला काठी घेऊन चालता येतं. डावं पाऊल अजून फरफटतं, शर्टाची वरची गुंडी पद्मा लावते. माझ्या मित्राच्या बायकोला एवढंच सांगेन, की तो आतून सगळं बघतोय, ऐकतोय, आणि बहुतेक तुमच्यावर रागावलाही असेल. त्याचं नाक खाजवा. आणि घरातल्या कुणाचं काय राहून जातंय ते अधूनमधून विचारा. त्याला सुचणार नाही, तो पडलाय.

त्या सोमवारी सकाळी सहाला टिंग वाजलं नाही. पद्मा साडेसातला गेली. जाताना माझ्या हाताजवळ फोन ठेवला, अंगठ्याला पोचेल असा. नऊ वाजले. कुणी काखेत हात घातला नाही. पंखा फिरत होता. साडेनऊला लघवी लागली आणि बाटली हातभर लांब होती. मामी अकराला यायची होती, तिला उशीर झाला. मला धीर धरता आला नाही. त्या ओल्यात मी पडून राहिलो, आणि मला सारखं वाटत होतं की तिला फोन लावावा, आता लगेच, मिळेल त्या बसने परत ये म्हणून सांगावं. मामी आली तेव्हा बिचारीने काही न बोलता चादर बदलली.

एक वाजता फोन वाजला. अंगठ्याने घेतला.

"अप्पा, झालं. चौघं बसले होते. खूप विचारले. आठवड्यात सांगतील म्हणे." मागे वारा घोंघावत होता. "फिजिओ झालं की?"

"नाही झालं."

"कामाक्षी मामी आली होती?"

"आली. उशिरा."

माझ्या आवाजातून तिला कळलं असावं. "अप्पा, मी येतें. आत्ता निघालें तर सात वाजेपर्यंत पोचतें. येऊ की?"

माझ्या तोंडात "ये" अगदी तयार होतं.

"नक्को," मी म्हणालो. "समुद्र बघून ये."